मँडर्लीच्या मागल्या दाराने



या व्यासपीठावर गेल्या चार दिवसांत वेदान्त झाला, पाणीप्रश्न झाला, अंदाजपत्रक झाले. आणि आज एक कामगार संघटक रहस्यकादंबरीवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून काहींना छपाईची चूक वाटली असेल. चूक नाही. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. इंग्रजी मी शिकलो ते कामगार कायद्याची पुस्तके कोश मांडीवर घेऊन वाचता वाचता. त्यामुळे 'रिट्रेंचमेंट' हा शब्द मला 'रोमान्स'च्या पुष्कळ आधी समजला. कायद्याची पुस्तके माणूस किती वाचणार! रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडे जे मिळेल ते वाचू लागलो, आणि त्यातच केव्हातरी डॅफ्ने ड्यू मॉरिए या इंग्रज लेखिकेची 'रिबेका' हाती लागली. तिच्याविषयी, आणि त्याहून अधिक तिच्याविषयी वाचकांनी काय काय म्हटले त्याविषयी, मला आज बोलायचे आहे.

प्रथम पुस्तकाची ओळख. ही कादंबरी १९३८ सालच्या ऑगस्टमध्ये लंडनला निघाली. प्रकाशक व्हिक्टर गोलांझ. आमच्या चळवळीतल्या जुन्या माणसांना हे नाव ठाऊक असते ते निराळ्या कारणाने: याच गृहस्थाने १९३६ साली 'लेफ्ट बुक क्लब' काढून समाजवादी विचारांची पुस्तके स्वस्तात घरोघर पोचवली. एका हाताने क्रांतीची पुस्तके आणि दुसऱ्या हाताने जमीनदाराच्या वाड्याची ही कहाणी. दुकान चालवायचे म्हणजे दोन्ही माल ठेवावा लागतो, त्यात मला काही वावगे दिसत नाही. १९३८ ते १९६५ या काळात या पुस्तकाच्या सुमारे २८ लाख प्रती खपल्या, आणि अजूनही ते छापले जाते.

या जातीच्या कादंबरीला इंग्रजीत 'गॉथिक' म्हणतात. १७६४ साली होरेस वॉल्पोलने 'कॅसल ऑफ ओट्रँटो' लिहिली, तेथून या घराण्याची सुरुवात धरतात. तिचे लक्षण एवढेच, की तिच्यात माणसांपेक्षा घर मोठे असते. बंद खोली, लांब सोपा, धुके, समुद्राचा आवाज, आणि मेलेल्या माणसाचा वावर. आपल्याकडे नारायण धारपांनी आणि रत्नाकर मतकरींनी वाचकांना रात्री दिवा मालवू दिला नाही, तेव्हा ही चव आपल्याला नवी नाही. फरक असा, की 'रिबेका'मध्ये भूत नाही. घाबरवण्याचे सगळे काम जिवंत माणसेच करतात.

कथा थोडक्यात सांगतो. रहस्य फोडल्यावाचून मला पुढे बोलता येणार नाही; ज्यांना पुस्तक वाचायचे आहे त्यांनी पाच मिनिटे बाहेर जाऊन चहा घ्यावा, मी रागावणार नाही.

एक तरुण, पोरकी, गरीब मुलगी एका श्रीमंत अमेरिकन बाईची पगारी सोबतीण म्हणून मॉन्टे कार्लोला आलेली आहे. पगार वर्षाला ९० पौंड, म्हणजे महिन्याला साडेसात. तेथे तिला मॅक्सिम डी विंटर नावाचा विधुर भेटतो. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या 'मँडर्ली' या प्रसिद्ध वाड्याचा तो मालक. तो लग्नाची गोष्ट काढतो तेव्हा तिला प्रथम वाटते की याला सेक्रेटरी हवी आहे! हे वाक्य वाचून पुष्कळ वाचक हसतात. मला हसू आले नाही. जिने आजवर स्वतःला पगारावरच मोजले, तिच्या मनात दुसरे काय येणार? लग्न होते, ती मँडर्लीला येते, आणि पाहते तो घर अजून पहिल्या बायकोचे, समुद्रात बुडून मेलेल्या रिबेकाचेच आहे. तिची खोली, तिचे कागद, तिची फुलदाणीची जागा, आणि हे सारे राखणारी घराची मुख्य कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स. पुढे रिबेकाची होडी समुद्रतळाशी सापडते, आत प्रेत सापडते, आणि मॅक्सिम नव्या बायकोला सांगतो की रिबेका बुडाली नव्हती. मीच तिला गोळी घातली आणि प्रेत होडीत ठेवून होडी बुडवली. चौकशी होते, निकाल आत्महत्येचा लागतो, मॅक्सिम सुटतो. आणि ती दोघे लंडनहून परत येत असता मँडर्ली जळताना दिसते. संपली गोष्ट. जी सांगते तिचे नाव पुस्तकभर कोठेही येत नाही. ज्या बाईचे नाव पुस्तकाला आहे ती पहिल्या पानाच्या आधीच मेलेली.

आता मतांकडे वळू. पुस्तक निघाले तेव्हा प्रतिष्ठित टीकाकारांपैकी काहींनी ही बायकांनी दुपारी लोळत वाचायची प्रेमकथा ठरवून टाकली. प्रकाशकानेही ती प्रेमकथा म्हणूनच विकली. लेखिका स्वतः मात्र म्हणत असे की ही मत्सराची कहाणी आहे. पुष्कळांना शार्लट ब्राँटीच्या १८४७ सालच्या 'जेन एअर'ची आठवण झाली: तोच वाडा, तीच गरीब मुलगी, तीच पहिली बायको, शेवटी तीच आग. पुढच्या पिढीच्या वाचकांनी पारडे फिरवले. त्यांचे म्हणणे, मॅक्सिम हा खुनी आणि हुकूमशहा. रिबेका वाईट होती याला पुरावा काय, तर तिला मारणाऱ्याचा शब्द! १९६६ साली जीन ऱ्हिस हिने 'जेन एअर'मधल्या माळ्यावर कोंडलेल्या बायकोची बाजू घेऊन स्वतंत्र कादंबरीच लिहिली, आणि २००१ साली सॅली बोमन हिने रिबेकाची बाजू घेऊन तसेच केले. वाचक चिडला की पत्र लिहितो. फारच चिडला की कादंबरी लिहितो.

ही सारी मते मी वाचली आणि मला एक गोष्ट खटकली. यांतले बहुतेक सगळे वाचक मँडर्लीत पुढच्या दाराने शिरतात. कोणी मालकाचा हात धरून, कोणी नव्या बाईचा, कोणी थोरलीचा. मागल्या दाराने, जेथून दूध आणि कोळसा येतो तेथून, कोणी आत शिरून पाहिलेले मला फारसे आढळले नाही. म्हणून मी एक प्रयोग केला. आमच्या घरकामगार संघटनेच्या कचेरीत शनिवारी संध्याकाळी काही मंडळी जमतात: धुणीभांडी करणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या बाया, एक दवाखान्यातली आया, दोन रखवालदार, एक ड्रायव्हर. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्याचे अर्ज भरण्यापासून या बैठका सुरू झाल्या. अर्ज संपले, बैठका उरल्या. एका पावसाळ्यात मी त्यांना 'रिबेका' दर शनिवारी दोन प्रकरणे या बेताने मराठीत सांगितली.

नावे लगेच बदलली. मॅक्सिम झाला 'मालक', रिबेका 'थोरली', गोष्ट सांगणारी 'नवी बाई'. मिसेस डॅन्व्हर्सच्या 'दानवेबाई' झाल्या, आणि त्यात कोणालाही विनोद वाटला नाही. मँडर्लीचे आमच्या ड्रायव्हरने 'मांडवली' केले. हे नाव पुढे किती चपखल ठरले ते सांगेनच.

पहिली खरी खळबळ उडाली ती एका किरकोळ प्रसंगाने. टीकाकार याला एका ओळीपेक्षा जास्त जागा देत नाहीत. नव्या बाईच्या हातून दिवाणखान्यातली चिनी मातीची एक मौल्यवान बाहुली, मदनाची, फुटते. ती घाबरते, तुकडे गोळा करून टेबलाच्या खणात मागे दडवते आणि गप्प बसते. पुढे दानवेबाई रॉबर्ट या नोकरावर चोरीचा आळ घेतात. रॉबर्ट रडकुंडीला येतो. म्हातारा फ्रिथ, वाड्याचा बटलर, मालकाकडे गाऱ्हाणे आणतो, तेव्हा कोठे नवी बाई कबूल होते की बाहुली मीच फोडली.

एवढे सांगून मी थांबलो तर कचेरीत कोणी बोलेना. मग एकेकीने तोंड उघडले. एकीच्या घरी चांदीची वाटी हरवली होती. तिला चौकीवर चार तास बसवले, वाटी फ्रीजच्या मागे सापडली, आणि दुसऱ्या दिवशी तिला 'ये गं कामाला' असा निरोप आला, जणू मधला दिवस उगवलाच नव्हता. दुसरीची अंगठीची हकीगत, तिसरीची पाचशेच्या नोटेची. त्या संध्याकाळी पुढचे प्रकरण झाले नाही. श्रोतेहो, मोठे मोठे विद्वान या कादंबरीचे रहस्य रिबेकाच्या मरणात शोधतात. आमच्या मंडळींना ते खणातल्या तुकड्यांत सापडले. घरात काही फुटले की आधी कोणाकडे पाहायचे, हे ठरलेले असते.

पण मत एक नव्हते. एक गट म्हणे, नव्या बाईला माफी नाही: कालपर्यंत जी पगारावर होती तिला आळ म्हणजे काय हे कळायला हवे होते. दुसरा म्हणे, कालपर्यंत पगारावर होती म्हणूनच तर घाबरली. मालकीण असती तर 'फुटली बाहुली' म्हणून तुकडे केरात टाकून चहाला बसली असती. मला हे दुसरे मत अधिक पटते. कादंबरीतला नवराही तिला ऐकवतो की तू घरच्या बाईसारखी नव्हे, हलक्या मोलकरणीसारखी वागलीस. लग्नाने तिचे घर बदलले, भीती बदलली नाही. तिची आतली वस्त्रे साधी आहेत, हे मोलकरीण पाहील म्हणून ती लाजते. म्हणजे नोकर तिच्याकडे पाहतात याची तिला जितकी जाणीव आहे तितकी त्या वाड्यातल्या दुसऱ्या कोणालाही नाही.

दानवेबाईंवर दोन शनिवार वाद झाला. जगभरच्या वाचकांनी या बाईला खलनायिका ठरवले आहे. हिचकॉकच्या १९४० सालच्या चित्रपटात जुडिथ अँडरसनने ती उभी केली, आणि आपल्याकडे १९६४ साली बीरेन नागांनी याच कथेच्या आधाराने 'कोहरा' काढला, त्यात दाईमाँचे काम केले ते आपल्या ललिता पवारांनी. तेव्हा मराठी प्रेक्षकाला ही बाई इंग्रजी न वाचताही ठाऊक आहे. आमच्यातल्या एका स्वयंपाकीणबाईंनी मात्र तिचे वकीलपत्र घेतले. त्या म्हणाल्या, "भाऊ, तिने त्या थोरलीला लहानपणापासून वाढवलंय. वाढवलेलं लेकरू मेलं. तिचे कपडे ती अजून झटकून ठेवते, त्याला तुम्ही भूतबाधा म्हणता. घरातली माणसं रडली तर दुःख, आणि कामवाली रडली तर वेड?" यावर आयाबाई उसळून म्हणाल्या, "लेकरू गेलं म्हणून रॉबर्टवर चोरी घालायची का? ती मुकादम आहे मुकादम. मालक एकदा बोलतो, मुकादम रोज बोलतो."

मी स्वतः मुकादम पुष्कळ पाहिले आहेत. आयाबाईंचे म्हणणे खरे आहे. ज्याला मालकाच्या घरात स्वतःचे काही नसते, तो मालकाच्या घराचाच धर्म करून बसतो, आणि मग त्याच्याइतका कडवा पुजारी दुसरा नाही. शिवाय हीच बाई नव्या बाईला खिडकीशी उभी करून 'उडी टाक' असे कानाशी लागते. ते दुःखात बसत नाही. पण स्वयंपाकीणबाईंचा प्रश्न मला कोणत्याही समीक्षेत भेटला नव्हता, आणि त्याला उत्तर मला अजून देता आलेले नाही.

आता खुनाचे पाहू. वाचणाऱ्यांपैकी फार मोठ्या संख्येला मॅक्सिम सुटावा असे वाटते. वाचताना मलाही वाटले. ही लेखिकेची विलक्षण करामत आहे: आपण नव्या बाईच्या डोळ्यांनी पाहत असतो, आणि तिला खुनाची हकीगत ऐकून पहिला आनंद कसला होतो, तर याचे थोरलीवर प्रेम नव्हते, याचा! आपणही तिच्याबरोबर सुटकेचा श्वास टाकतो आणि पाच पानांनंतर लक्षात येते की आपण कशावर खूष झालो. हॉलिवुडच्या नीतिनियमांना हे झेपले नाही. खुनी नवरा शिक्षेवाचून सुटलेला दाखवता येत नव्हता, म्हणून चित्रपटात रिबेका पडून डोक्याला मार लागून मरते. ज्यांनी फक्त चित्रपट पाहिला ते मॅक्सिमला दुर्दैवी समजतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्यांची कथाच वेगळी आहे.

पण मला सांगायचे आहे ते चौकशीविषयी. हे रहस्य फोडले कोणी? डिटेक्टिव्हने नाही, पोलिसाने नाही. चौकशी जवळजवळ गुंडाळली जात असते. वादळात होडी बुडाली, बाई बुडाली, आधी सापडलेले प्रेत चुकीने ओळखले गेले, सर्वांना खेद आहे, घरी चला. तेवढ्यात जेम्स टॅब नावाचा होडी बांधणारा कारागीर उभा राहतो. त्याने ती होडी दुरुस्त केलेली. त्याला एवढेच म्हणायचे आहे की माझे काम पक्के होते. त्याने वर काढलेली होडी जाऊन पाहिली आहे. फळ्यांना भोके आहेत ती आतून पाडलेली, खडकावर आपटून पडलेली नाहीत. आणि समुद्राचे पाणी आत घेणारे कॉक पूर्ण उघडे आहेत. साऱ्या सभ्य मंडळींनी नीट झाकून आणलेली गोष्ट एका वाक्यात उघडी पडते. त्याला मॅक्सिमशी वैर नाही, रिबेकाशी माया नाही. 'माझी होडी आपणहून बुडणारी नव्हती', एवढाच त्याचा मुद्दा.

या कादंबरीत मला सर्वांत आवडणारा माणूस हाच. एक-दोन पानांपुरता येतो. इतक्या वाचकांच्या मतांत त्याचे नाव मला क्वचितच दिसले. आमच्या बैठकीत मात्र ड्रायव्हर एकदम ताठ बसला. त्याची गाडी ब्रेक नादुरुस्त असल्याचे लेखी सांगूनही बाहेर काढायला लावली होती, अपघात झाला आणि दोष त्याच्या हातावर आला, ही गोष्ट त्याने आम्हांला त्या दिवशी प्रथम सांगितली. कारागिराची कामावरची इज्जत हा भावनेचा प्रश्न नसतो. उद्याचे काम मिळणार की नाही, हे त्यावर ठरते.

टॅबच्या उलट टोकाला बेन. समुद्रकाठी हिंडणारा, बुद्धीने अधू. त्याने काहीतरी पाहिले आहे हे आपल्याला कळते. पण त्याला समोर आणून विचारतात तेव्हा तो म्हणतो, काही पाहिले नाही. का? तर वेड्यांच्या इस्पितळात घालतील ही भीती, आणि ती घातलेली होती थोरलीनेच. म्हणजे थोरलीने आयुष्यभर ज्याला दटावून गप्प केले, त्याच्या गप्प राहण्याने तिचाच खुनी सुटला. एका रखवालदाराने यावर एवढेच म्हटले, "साक्षीदार फुटला नाही, साक्षीदार भ्याला." कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला हा फरक कळतो.

आणि मग मांडवली! मॅजिस्ट्रेट कर्नल ज्युलियन याच वाड्यात जेवलेला, याच्याच मेजवानीला आलेला. लंडनच्या डॉक्टरकडून कळते की रिबेकाला असाध्य रोग होता. आत्महत्येला कारण सापडले, सर्वांचे समाधान झाले. कर्नलच्या मनात खरे काय आहे ते लेखिका स्पष्ट सांगत नाही, पण त्याला समजले आहे आणि तो बोलणार नाही, असे मॅक्सिमला वाटते, आणि मलाही वाटते. टॅब बोलला तो कामाच्या इज्जतीसाठी. कर्नल गप्प राहिला तोही इज्जतीसाठीच, पण ती इज्जत घराण्याची. लेखिकेने हे मुद्दाम केले की सहज झाले, यावर पंडितांनी वाद घालावा. ती स्वतः सुखवस्तू घरातली, सेनाधिकाऱ्याची पत्नी. समाजवादाशी तिचा काही संबंध नव्हता. पण प्रामाणिक लेखक घराचे वर्णन करू लागला की स्वयंपाकघर सुटत नाही.

जाता जाता एक गंमत. मँडर्ली जिच्यावरून सुचली ती कॉर्नवॉलमधली 'मेनाबिली' ही हवेली. पुस्तकाने नाव मिळवल्यावर, १९४३ पासून, ड्यू मॉरिए तेथे राहिली. मालकीण म्हणून नव्हे, भाडेकरू म्हणून. स्वतःच्या खर्चाने मोडकी हवेली राहण्याजोगी केली, २६ वर्षे राहिली, आणि १९६९ साली मूळ मालकाच्या घराण्याला घर हवे म्हणून तिला ते सोडावे लागले. हे सांगितले तेव्हा आमच्या बायकांना लेखिका एकदम जवळची वाटू लागली. "म्हणजे बाईंनाही खोली खाली करावी लागली," एक म्हणाली.

शेवटच्या शनिवारी आग आली. पुस्तकात आग कोणी लावली हे सांगितलेले नाही. दानवेबाई त्या दिवशी सामान बांधून निघून गेल्याचे तेवढे कळते. चित्रपटाने ती ज्वाळांत दाखवून प्रश्न मिटवला. आमच्याकडे हात वर करून मत घेतले. बहुतेक हात दानवेबाईंविरुद्ध गेले. स्वयंपाकीणबाईंनी हात वर केला नाही. रखवालदारांपैकी एकाला संशय होता थोरलीचा भाऊबंद फॅव्हेल याच्यावर. मत मोजून झाले आणि मी पुस्तक मिटले, तेव्हा कोपऱ्यात बसलेली, पावसाळाभर एक शब्दही न बोललेली धुण्याभांड्याची बाई म्हणाली, "भाऊ, मालक आणि नवी बाई तर गाडीत होती. त्या रात्री आत कोण कोण निजलं होतं?"

मी पुस्तक पुन्हा उघडून शेवटचे पान पाहिले. तेथे लाल झालेले आकाश आहे आणि वाऱ्यावर येणारी राख आहे. फ्रिथ, रॉबर्ट, नवी बाईची पोरसवदा मोलकरीण क्लॅरिस, यांच्याविषयी काही नाही.